दुखवट्याचं जेवण

स्पार्टनबर्ग, साउथ कॅरोलायना
१६ मार्च २००३

प्रिय ओझेला मावशी,

तुझं कानातलं यंत्र दुरुस्त झालं असेल तर बरंच आहे, पण मी फोन करणार नाही. ओरडून ओरडून माझा घसा बसतो आणि तू शेवटी "बरं, ठेवते, चिकन करपतंय" एवढंच म्हणतेस. त्यापेक्षा पत्र बरं. कारखान्यातले वाया गेलेले कागद घरी आणलेत. पुढच्या बाजूला कारखान्याचं नाव-पत्ता छापलाय, मागची बाजू कोरी आहे, तिच्यावर लिहितेय.

आधी वाईट बातमी. तुझी हॉलोवे मिल पाडतायत. पाडतायत म्हणजे काय, सोलतायत. एकेक वीट हाताने साफ करून रचून ठेवतात, कारण म्हणे जुन्या विटांना शार्लटच्या हॉटेलवाल्यांकडून मागणी आहे. तुळयाही तिकडेच चालल्यात. ज्या तुळईखाली तू तीस वर्षं सूत कातलंस, तिच्याखाली बसून आता कोणीतरी कॉफी पिणार. धुराडं मात्र ठेवणार आहेत, पुढेमागे तिथे फ्लॅट बांधले तर लोकांना बघायला बरं वाटेल म्हणून. माझा नवरा रॉस्को रोज ट्रक घेऊन जातो आणि रस्त्यापलीकडे बसून बघत राहतो. मी म्हटलं, "मिलने तुला दिलं काय? खोकलाच ना?" तर म्हणतो, "खोकला माझा आहे, मिलही माझी आहे, तू गप बस."

आता माझं. जर्मनांकडे मोटारीच्या दारांची रबरं दाबून काढायला लागून मला चौथं वर्ष लागलं, आणि अजून माझ्या छातीवर पिवळाच बिल्ला आहे. पिवळा म्हणजे मजूर पुरवणाऱ्या एजन्सीचा माणूस. पांढरा म्हणजे कारखान्याचा. माझ्या शेजारच्या प्रेसवर पांढऱ्या बिल्ल्याचा पोरगा आहे, त्याला काम मी शिकवलं. तो आजारी पडला की त्याला विमा, मी आजारी पडले की एजन्सीत दुसरी बाई. मला माझं काही नाही गं, पण रॉस्कोची साखर परत वाढलीये. इन्सुलिन तो अर्धं अर्धं करून घेतो आणि मला वाटतं की मला दिसत नाही.

ऑफिसातल्या मिस कँडेसला महिन्यातून एकदा विचारते. ती माझा हात हातात घेते, डोकं एका बाजूला कलतं करते आणि म्हणते, "बघू या हं, राणी. तुझं नाव माझ्या मनात आहे." तिच्या मनात एवढी माणसं आहेत की तिला झोप कशी लागते देव जाणे.

खरी सही आहे मिस्टर वीगांडची. हा आमच्या विभागाचा जर्मन इंजिनियर. जूनमध्ये चार पिवळ्या बिल्लेवाल्यांना पांढरा बिल्ला द्यायचा की नाही, याचा निकाल तो लावणार आहे. मी, नादीन, क्लिओटिस आणि एक नवीन मुलगी. आणि माणूस कसा, तर सकाळी येतो, "गुड मॉर्निंग" नाही, घरचे कसे आहेत नाही, सरळ प्रेसपाशी उभा राहून म्हणतो, "हे चूक आहे." सगळ्यांदेखत. नादीन दोनदा बाथरूममध्ये जाऊन रडली. नादीन तशीही रडते, ते सोड.

तर हा माणूस गेल्या आठवड्यात काही दिवस दिसला नाही. परवा आला, प्रेसपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "मी नव्हतो, कारण माझी आई वारली. दोन नंबरचा प्रेस अजून गळतोय." एका दमात. क्लिओटिसने टोपी काढली.

आता काही झालं तरी आई ती आई. २९ तारखेच्या शनिवारी आम्ही पाळीतले सगळे त्याच्याकडे जेवण घेऊन जाणार आहोत. तो इथे एकटाच राहतो. तू असतीस तर काय केलं असतंस, लिही.

तुझी वैतागलेली,
वोनेटा


डेटन, ओहायो
२१ मार्च २००३

वोनेटा,

तुझं पत्र आलं तेव्हा माझी लेक शार्लीन माझ्या केसांना तेल लावत होती, तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि दोन ठिकाणी हसली. मला हसू आलं नाही. मिलचं मला सांगायला नको होतंस. मला तिथे आत घेतलं तेव्हा आपल्या काळ्या माणसांना कताई खात्यात शिरायची मुभा मिळून वर्षही झालं नव्हतं. पहिला महिनाभर माझ्या शेजारी उभं राहायला कोणी तयार नव्हतं. नंतर त्याच बायकांनी माझी आई गेली तेव्हा हॅम आणून दिलं. म्हणून सांगते, जेवण न्या. ज्याच्याशी पटत नाही त्याच्याकडे आधी न्या.

तू मॅकरोनी-चीज कर, पण माझ्या पद्धतीने, अंडं घालून. क्लिओटिसच्या बायकोला कोलार्डची भाजी करू दे, तिचा हात बरा आहे. नादीनला बटाट्याचं सॅलड करू देऊ नकोस. ती त्यात बेदाणे घालते. दुःखात असलेल्या माणसाला बेदाणे खायला लावायचे म्हणजे काय. तिला केळ्याचं पुडिंग सांग. सगळ्यांनी भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहा, नाहीतर भांडी अदलाबदल होतात आणि मग चर्चमध्ये वर्षभर तोंडं फिरवतात. दारातून परत फिरू नका, आत बसा. आईचं नाव विचारा. कशी होती ते विचारा. तेच खरं जेवण, बाकीचं पोटाचं.

आणि एक विचारते. हा माणूस एकटा का राहतो? बायको कुठे आहे? वय काय? नादीन घटस्फोटित आहे हे मी विसरलेले नाही. दोनदा रडली म्हणतेस. बाई उगाच दोनदा रडत नाही.

इथे सगळं ठीक. शार्लीन मिठाशिवाय स्वयंपाक करते आणि त्याला माझी तब्येत म्हणते.

ओझेला मावशी


स्पार्टनबर्ग
६ एप्रिल २००३

प्रिय मावशी,

नादीनचा विचार डोक्यातून काढ. तुझ्या डोक्यात लग्नं जुळतायत आणि इथे आमच्या पोटावर पाय यायची वेळ आलीये.

तू सांगितलंस तसंच सगळं केलं. मॅकरोनी अंडं घालून. शनिवारी दुपारी चर्चला निघाल्यासारखे कपडे करून आम्ही सगळे त्याच्या दारात उभे. सात भांडी. त्याने दार उघडलं, पायात लोकरीचे मोजे, आणि आमच्याकडे असा बघत राहिला जणू त्याच्या घराला आग लागलीये आणि त्याला ते आम्ही सांगायला आलोय. "का?" म्हणाला. क्लिओटिस म्हणाला, "तुमच्या आईसाठी, सर." तर म्हणतो, "माझी आई वारली." क्लिओटिस म्हणाला, "हो सर, म्हणूनच." आणि क्लिओटिसने हॅम त्याच्या हातात ठेवलं. ते खाली ठेवायला त्याच्या दारात टेबलसुद्धा नव्हतं. आत या म्हणाला नाही. आम्ही बाकीची भांडी दारातल्या खुर्चीवर, पायरीवर, जिथे जागा मिळाली तिथे ठेवली आणि आलो.

सोमवारी सकाळी मी ऑफिसात गेले तर मिस कँडेसच्या टेबलावर सातही भांडी. झाकणंसुद्धा उघडलेली नाहीत. नादीनचं पुडिंग फुगून वर आलेलं, वास असा की दिवसभर ऑफिसच्या खिडक्या उघड्या. सोबत त्याची टाइप केलेली चिठ्ठी. ज्यांच्या नोकरीचा निकाल ज्याच्या हातात आहे, त्यांनी त्याला काहीही देऊ नये असा कारखान्याचा नियम आहे. हे मला मिळालं. मी जमा करत आहे. जमा. माझं मॅकरोनी जमा केलं त्याने.

आणि बुडाला नावं. आपल्याच हाताने, ठळक अक्षरात, चिकटपट्टीवर. चारही पिवळ्या बिल्लेवाल्यांची नावं त्यात. मिस कँडेसने माझा हात हातात घेतला, डोकं कलतं केलं आणि म्हणाली, "राणी, मला माहीत आहे तुझ्या मनात काही नव्हतं. पण आता चौकशी होणार गं." कोणी सुरुवात केली विचारलं. मी म्हटलं मी केली. काय सांगणार? माझीच कल्पना होती.

आपल्यात मेलेल्याच्या घरी नेलेलं अन्न कोणी परत करत नाही मावशी. नको असलं तर कुत्र्याला घालतील, पण परत नाही करत. क्लिओटिसची बायको ते भांडं घरात घ्यायला तयार नाही. अजून त्याच्या ट्रकमध्येच आहे.

आता पाळीत कोणी त्याच्याशी एक शब्द जास्त बोलत नाही. "हो सर." "नाही सर." "लगेच सर." बस. तुला माहीत आहे आपल्याकडे माणूस खरोखर चिडला की किती नीट बोलतो. आणि त्या बाबाला कळतंय का? काल मिस कँडेसला म्हणाला, "या आठवड्यात शिस्त फार सुधारली आहे." खूश आहे तो.

मला हसू की रडू कळत नाही. निकाल जूनमध्येच आहे. चौकशी चालू असताना माझं नाव वर जाईल असं मला वाटत नाही. रॉस्कोला अजून सांगितलेलं नाही, त्याला वाटतंय जेवण आवडलं.

तुझी,
वोनेटा


डेटन
११ एप्रिल २००३

वोनेटा,

मला दोन रात्री झोप नाही. शार्लीन म्हणते रक्तदाब. मी म्हटलं रक्तदाब नव्हे, माझ्या मॅकरोनीचा अपमान आहे.

हे बघ, तू रॉस्कोला सांगून टाक. त्याला बाहेरून कळलं तर तो त्या माणसाच्या दारात जाऊन उभा राहील, आणि रॉस्को नुसता उभा राहिला तरी लोक पोलिसांना बोलावतात. पुढे काय करायचं? काही करू नकोस. कामावर जा, मान ताठ ठेव, प्रेस चालव. मीही काही करणार नाहीये. म्हाताऱ्या बाईने ओहायोत बसून काय करायचं? प्रार्थना करते.

पण आत बसायला हवं होतं गं. मी लिहिलं होतं की आत बसा. बोलावलं नाही म्हणून काय झालं? माझ्या आईच्या वेळी मी दार धरून उभी होते, कोणाला आत घ्यायचं नव्हतं मला. मिस अर्सुला मला बाजूला सारून आत आली आणि सरळ भांडी घासायला बसली. तुमच्या पिढीला पायरीवर ठेवून पळायची सवय. सुटलो एकदाचे, असंच ना?

कारखान्याच्याच कागदावर लिहीत जा. पत्ता ठसठशीत छापलेला असतो, मला वाचायला सोपं पडतं.

ओझेला मावशी


स्पार्टनबर्ग
२ मे २००३

श्रीमती ओझेला मेडली यांस,

आपलं २२ एप्रिलचं पत्र मला कारखान्याच्या पत्त्यावर मिळालं. पाकिटावर 'खाजगी आणि तातडीचं' असं लिहिलं होतं, तरी ते ऑफिसात उघडलं गेलं, त्यामुळे त्यातला मजकूर आता मिस कँडेस यांनाही माहीत आहे. हे आपल्याला कळवणं मला योग्य वाटतं.

आपण विचारलंत, मला लाज वाटते का. सुरुवातीला वाटली नाही. मी नियम पाळला होता. नंतर मी इथल्या एका दुकानदाराला विचारलं की माणूस मेल्यावर अन्न का आणतात. त्याने विचारलं, तुमचं कोणी गेलं का, आणि मला पीच फुकट दिले. तेव्हापासून वाटते.

आमच्या गावात कोणी मेलं की काळ्या काठाचं कार्ड पाठवतात. दुःखात असलेल्या माणसाला एकटं सोडणं हा आमच्याकडे आदर आहे. सात माणसं दारात आली तेव्हा मला वाटलं की कामगार काहीतरी मागायला आले आहेत. जे अन्न घेऊन येतात ते काही मागत नाहीत, हे मला माहीत नव्हतं.

आपली भाची या पाळीतली सर्वात चांगली कामगार आहे, हे आपण तीन वेळा लिहिलं आहे. मला ते माहीत आहे. मी चौकशीत तसं लिहूनही दिलं आहे, आणि चौकशी आता बंद झाली आहे. आपल्या पत्रामुळे नव्हे.

बेदाण्यांबद्दल आपण जे लिहिलंत ते मला समजलं नाही.

आपण शेवटी विचारलंत, मी निदान एक घास तरी का खाल्ला नाही, आणि माझ्या आईने मला काय शिकवलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नियम हे आहे, पण तेवढंच नाही. दुसऱ्याचं उत्तर मी पत्रात देऊ शकत नाही. इथे असं उत्तर द्यायची पद्धत काय आहे, आपण कळवाल का? माणूस कुठे जातो, केव्हा जातो, आधी फोन करतो का?

आपला,
डेट्लेफ वीगांड


डेटन
९ मे २००३

मिस्टर वीगांड,

रविवारी. चर्च सुटल्यावर, दुपारी एकच्या सुमारास. फोन करायचा नाही. रिकाम्या हाताने आलात तरी चालेल, हात नीट धुऊन या. पत्ता खाली लिहिला आहे. हिरवं दार आहे, पायरी सैल आहे, जपून.

ओझेला मेडली


स्पार्टनबर्ग
८ जून २००३

मावशी,

तुला काय म्हणू? एका हाताने लिहिलंस 'मी काही करणार नाहीये' आणि दुसऱ्या हाताने त्याला पत्र टाकलंस. वर माझ्या घराचा पत्ता. मिस कँडेस मला बाजूला घेऊन म्हणाली, "राणी, तुझ्या मावशीचं अक्षर किती सुंदर आहे गं." जमिनीने मला पोटात घ्यावं असं झालं. प्रार्थना करते म्हणालीस! ती प्रार्थना होय?

आधी निकाल सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला नको. नादीन पक्की झाली. क्लिओटिस पक्का झाला. ती नवीन मुलगी, जिला अजून रबराची उलटी बाजू कोणती हे विचारावं लागतं, तीही पक्की झाली. मी नाही. माझा कागद शरद ऋतूत कोणी नवा साहेब येणार आहे त्याच्याकडे जाईल. तोवर पिवळा बिल्ला. नादीनने पांढरा बिल्ला लावून मला मिठी मारली आणि रडली. मी तिला पाठीवर थोपटलं. काय करणार?

झालं ते असं. गेल्या रविवारी मी चर्चमधून आले, चिकन तळायला टाकलं होतं, रॉस्को आतल्या खोलीत टीव्हीवर खेळ बघत होता. जाळीच्या दारासमोर मिस्टर वीगांड. उन्हात, टाय लावून. आमची सैल पायरी ओलांडून वर न येता खालीच उभा. चौकशी बंद झाली हे मला माहीत होतं, आणि सोमवारी सह्या आहेत हेही माहीत होतं. मी दाराशी गेले.

तो म्हणाला, "मिस वोनेटा, मला आधी एक सांगायचं आहे. तुमचा कागद माझ्या टेबलावर आहे. तुम्ही चांगलं काम करता, मी उद्या सही करणार आहे. पण आज मी तुमच्या घरात आलो, बसलो, तर मी तुमच्या घरचा झालो. मग उद्या मला ऑफिसात ते सांगावं लागेल आणि माझी सही चालणार नाही. म्हणून मी खाली उभा आहे. मी उद्यानंतरही येऊ शकतो. किंवा येणार नाही. तुम्ही सांगाल तसं."

मी म्हटलं, "नाही सांगितलं तर नाही का चालणार?"

"नाही," म्हणाला. "मी तसा नाही."

एवढं सगळं त्याने स्वच्छ सांगितलं मावशी. कोणालाही कळेल असं. एक आठवडा थांबायचं होतं फक्त. मी 'पुढच्या रविवारी या' म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "अहो, उन्हात काय उभे राहिलात, आत या, जेवायलाच बसतोय."

माझ्या तोंडातून. मी विचारसुद्धा केला नव्हता. लहानपणापासून दारात आलेल्या प्रत्येकाला हेच म्हणत आलेय, वीज बिल घेऊन येणाऱ्यालासुद्धा. ते शब्द माझे नसतातच, ते दार उघडलं की आपोआप बाहेर पडतात.

तो हलला नाही. "नक्की?" म्हणाला. तेव्हा मला शब्द परत घेता आले असते. मी मागे वळून बघितलं. रॉस्कोने सगळं ऐकलं होतं. खेळ बंद केला होता त्याने. उठला, आणि स्वयंपाकघरातून खुर्ची आणून टेबलाला लावली. अर्धं अर्धं इन्सुलिन घेणारा माणूस. मला त्याचा इतका राग आला आणि त्याच वेळी असं वाटलं की याच्याशी लग्न केलं ते बरं केलं.

मी म्हटलं, "नक्की. पायरी जपा."

आत आला. हात धुवायचे आहेत म्हणाला, आधी तेच. मग बसला आणि मी तू सांगितलंस ते विचारलं. आईचं नाव काय? "वाल्ट्राउट." कशी होती? यावर त्याने आधी टाय सोडून हातात घेतला. मला वाटलं चुकलं काहीतरी.

मग सांगायला लागला. त्याच्या गावात दारांची रबरं दाबायचा कारखाना होता. त्याची आई त्यात होती, मावशी होती, अर्धं गाव होतं. तो इंजिनियर झाला तेव्हा आईने सगळ्या गल्लीत केक वाटला. मग कंपनीने ठरवलं की हे काम जिथे मजूर स्वस्त आणि युनियन नाही तिथे न्यायचं. म्हणजे इथे. आणि न्यायचं काम त्याला दिलं. प्रेस उघडून पेट्यांत भरताना तो तिथे उभा होता. आपला दोन नंबरचा प्रेस, जो गळतो, त्यावर त्याची आई बसायची. तो इकडे निघाला आणि तिने त्याच्यासाठी दार लावून घेतलं. त्याने फोन केले, पत्रं लिहिली. शेवटपर्यंत एकदाच बोलली. म्हणाली, "तिकडच्या लोकांनी आमच्या तोंडचा घास काढून घेतला, आणि तू तो त्यांना नेऊन भरवलास." पुढच्या वर्षी वारली.

"आणि मग तुम्ही सगळे," तो म्हणाला, "माझ्या दारात अन्न घेऊन उभे."

रॉस्को म्हणाला, "आमची मिल मेक्सिकोला गेली." एवढंच. तो एरवी पाहुण्यांसमोर बोलत नाही.

चिकन कढईतच राहिलं होतं. ते काढायला उठले तर वीगांडने विचारलं, "मिस वोनेटा, माझ्या जागी तुम्ही असता तर ते अन्न खाल्लं असतं?" मी कढईशी उभी राहिले. मला गोड बोलता आलं असतं. आपल्याला सगळ्यांना येतं. जाऊ द्या हो, झालं ते झालं, देव सगळं बघतो. मिस कँडेससारखं डोकं कलतं करून. पण माझी सही जाईल हे माहीत असूनही त्या माणसाने खरं सांगितलं होतं, आणि मला त्याचा संताप संताप आला होता, आणि खोटं बोलायला जीभ वळेना.

"नाही," मी म्हटलं. "माझ्या घशाखाली उतरलं नसतं."

त्याने मान हलवली. आणि मग मावशी, तो रडला. टाय हातात धरून, लहान मुलासारखं नाकातून पाणी येईपर्यंत. रॉस्कोने त्याच्याकडे पेपर नॅपकिनचा गठ्ठा सरकवला आणि खिडकीबाहेर बघत बसला. मी ताटं वाढली. मॅकरोनी होतं, तुझ्याच पद्धतीचं, अंडं घालून. त्याने ताट रिकामं केलं, पुन्हा मागून घेतलं, आणि तिसऱ्यांदा मी न विचारताच वाढलं.

वोनेटा